शेजाऱ्याच्या डुकरांना लस नसेल तर?

मागच्या अंकात मी जाता जाता दोनच ओळी लिहिल्या होत्या, की डुकरं पाळत असाल तर स्वाइन फिव्हरची, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या डुकरांच्या जीवघेण्या तापाची, लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी कुत्र्यामांजरांवाल्या वाचकांनी जरा सांभाळून घ्या, पुढच्या महिन्यात तुमचाच नंबर. मुंबईत डुकरं कोण पाळतं असं विचारणाऱ्यांनी एकदा वसई-नालासोपाऱ्याच्या आतल्या रस्त्यांनी फिरून यावं.

प्रश्न : माझ्याकडे नालासोपाऱ्याच्या पुढे ३५ डुकरं आहेत. जूनमध्ये सगळ्यांना लस दिली, स्वतः पैसे भरून. सप्टेंबरमध्ये दोन-अडीच महिन्यांची ११ पिल्लं ताप येऊन मेली, मोठ्यांना काहीच झालं नाही. शेजाऱ्याकडे साठेक डुकरं आहेत, त्याने आजवर कधी लस दिली नाही आणि तोच आता मला हसतो. लस डुप्लिकेट होती का?

दादा, आधी तारखा बघा. लस जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये मेलेली पिल्लं दोन-अडीच महिन्यांची, म्हणजे ती जन्मली जुलैमध्ये, लस दिली त्या दिवशी ती आईच्या पोटात होती. त्यांना लस मिळालीच नव्हती हो. आईला दिलेल्या लसीचं संरक्षण चिकातून, म्हणजे पहिल्या दुधातून पिल्लांना मिळतं पण ते उसनं असतं, सहा ते आठ आठवड्यांत उतरत जातं आणि नेमकं तेव्हाच तुमची पिल्लं आजारी पडली. मोठी जगली आणि पिल्लं गेली यावरून मला तरी वाटतं की लस चांगली होती. डुप्लिकेट असती तर मोठीही गेली असती.

आता तुम्ही म्हणाल मग पिल्लांना जन्मल्याबरोबर टोचू. तिथेही लोचा आहे. आईकडून आलेल्या अँटिबॉडी लसीतल्या विषाणूलाच मारून टाकतात, त्यामुळे फार लवकर दिलेली लस वाया जाते आणि फार उशीर केला तर मधल्या दिवसांत खरा विषाणू गाठतो. म्हणून साधारण दीड-दोन महिन्यांच्या वयाला पहिला डोस आणि मग लस कुठल्या प्रकारची आहे त्याप्रमाणे बूस्टर, हे तुमच्या डॉक्टरांशी बसून वेताच्या तारखांप्रमाणे कॅलेंडरवर लिहून ठेवा. जून आला की लस असं नको, पिल्लू दीड महिन्याचं झालं की लस असं पाहिजे.

पण पिल्लांपर्यंत विषाणू आला कुठून हा प्रश्न राहतोच, आणि इथे मला तुमच्या शेजाऱ्याबद्दल बोलायचंय. तो मुद्दाम काही करत नाही, पण साठ डुकरं बिनालसीची म्हणजे विषाणूला राहायला साठ खोल्या. त्याचा नर तुमच्या मादीवर आणता ना? दोघांकडे माल उचलायला व्यापारी एकच येतो, त्याचा टेम्पो एक, त्याची चप्पल तीच, दोन्ही खुराड्यांत तो आत शिरून पाठीवर हात फिरवून वजनाचा अंदाज घेतो. हॉटेलचं उरलंसुरलं आणणारे ड्रमही बहुतेक एकाच रिक्षातून येतात. आणि अजून एक गंमत, गंमत कसली, या आजाराची सगळ्यात वाईट खोड म्हणा. गाभण मादीला मधल्या महिन्यात, साधारण ५० ते ७० दिवसांची असताना लागण झाली तर काही पिल्लं दिसायला ठणठणीत जन्मतात पण आयुष्यभर विषाणू सोडत राहतात, त्यांच्या रक्तात अँटिबॉडीही सापडत नाहीत, महिनोन् महिने बाकीच्यांना आजार वाटून मग कधीतरी खंगून मरतात. अशी दोन पिल्लं शेजारी हसत-खेळत असतील तर तुमच्या ३५ डुकरांचं लसीकरण कितीही चोख असू दे, जन्मणारं प्रत्येक पिल्लू त्या मधल्या दिवसांत धोक्यातच.

आपल्याकडे पावसाळ्याआधी नालेसफाई होते तसंच आहे हे. तुम्ही तुमच्या दारापुढचा नाला घासून साफ केलात पण खालच्या अंगाला गाळ तसाच, मग पाणी तुमच्याच घरात शिरणार. त्यामुळे शेजाऱ्याच्या हसण्याचा राग बाजूला ठेवा आणि पुढच्या वेळी एकाच दिवशी दोघांच्या डुकरांना लस द्या, वेळ पडली तर त्याच्या अर्ध्या डोसांचे पैसे तुम्ही घाला, तरी ११ पिल्लांपेक्षा स्वस्तच पडेल.

दोन चौकश्या मात्र करा. एक, लस टोचणाऱ्याने सिरिंज स्पिरिटने पुसली होती का? ही लस जिवंत विषाणूची असते, स्पिरिट लागलं की ती आतल्या आत मेली आणि तुम्ही नुसतं पाणी टोचलंत. सिरिंज उकळून गार केलेली हवी. शिवाय सुई दर डुकराला नाही तर निदान दर खुराड्याला बदलायची, नाहीतर एकाचा आजार दुसऱ्याला आपणच टोचतो. दोन, मेलेल्या पिल्लांचे नमुने कुणी घेतले का? नसतील तर पुढच्या वेळी पुरायच्या आधी १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण ताप, अंगावर लाल-निळे डाग, तोल जाणं, हे सगळं आफ्रिकन स्वाइन फिव्हर नावाच्या दुसऱ्याच आजारातही होतं आणि नुसतं बघून कुठला आहे हे सांगणारा डॉक्टर अजून जन्मायचाय. लॅबच सांगते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलंय की स्वाइन फिव्हर पसरलाय, पोर्क खाऊ नका, २००९ सारखं होईल. अंधेरीला राहते. घरात सगळे आवडीने खातात, काय करू?

ताई, २००९ चा तो स्वाइन फ्लू. तो इन्फ्लुएंझा, म्हणजे माणसांचा श्वासाचा आजार आणि तोही पोर्क खाऊन होत नव्हताच. स्वाइन फिव्हर हा वेगळा विषाणू, आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा अजून तिसराच, आणि हे दोन्ही फिव्हर माणसाला होत नाहीत. नावातल्या एका 'स्वाइन'ने त्या वर्षी धंदा करणाऱ्यांची काय वाट लावली होती ते मी डोळ्याने बघितलंय, दुकानदार बोर्डवरचं नाव झाकत होते. पोर्क खा, फक्त आतपर्यंत शिजवून खा, ते या विषाणूंमुळे नाही तर फीतकृमीमुळे. आणि हो, उरलेलं कच्चं मटण, पाणी, आतडी कुणा डुक्करवाल्याच्या ड्रममध्ये टाकू नका. गोठवलेल्या मांसात हे विषाणू वर्षानुवर्षं टिकतात, तुम्हाला काही होत नाही पण ज्याच्या खुराड्यात ते पोचतं त्याचं सगळं जातं.

प्रश्न : पालघर बाजूच्या चार-पाच पाड्यांमधले आम्ही १७ जण डुकरं पाळतो, कुणाकडे ५ कुणाकडे ५०. लस कधी वेळेवर मिळतच नाही, म्हणून ग्रुप करून सगळ्यांची लस एकत्र करावी असं ठरतंय. एकदा जानेवारीत मोठा कॅम्प घेतला की वर्षभराचं टेन्शन गेलं ना?

नाही गेलं. तुमचा विचार मात्र एक नंबर आहे. कॅम्प एकच का पुरत नाही ते आकड्यांनी सांगतो, गायी-म्हशींवाले डॉक्टरसुद्धा इथे चुकतात.

समजा तुमच्या ग्रुपमधल्या एकाकडे १० माद्या आहेत. वर्षाला दोन वेत, वेताला ८ पिल्लं जगतात धरू, म्हणजे वर्षाला १६०. ती ९ महिन्यांची झाली की विकतो. म्हणजे कुठल्याही दिवशी त्याच्याकडे साधारण १२० पिल्लं-वाढीची आणि १० माद्या, १३० जनावरं. जानेवारीत तुम्ही सगळ्या १३० ना टोचलंत, फोटो काढला, पेढे वाटले. आता जुलै बघा. मधल्या सहा महिन्यांत ८० नवी जन्मली, त्यातल्या एकालाही लस नाही. जानेवारीतली ८० विकली गेली. उरली लस घेतलेली ४० आणि १० माद्या. १३० पैकी ५०. ऑक्टोबरपर्यंत लसवाल्या फक्त १० माद्या राहतात. गाय दहा वर्षं गोठ्यात राहते, डुक्कर राहत नाही, त्यामुळे गायीचं कॅम्पचं गणित डुकराला लावलं की वांदे होतात.

आणि किती जनावरांना लस पाहिजे? समजा एका आजारी डुकरापासून सरासरी पाच जणांना लागण होते. पाचातल्या चौघांना आधीच लस असेल तर तो एकालाच देणार, मग आजार वाढत नाही, रखडतो. म्हणजे ८० टक्क्यांच्या वर असायला पाहिजे आणि तेही सगळ्या पाड्यांत मिळून, सतत. एका पाड्यात १०० टक्के आणि पलीकडच्या पाड्यात शून्य असेल तर सरासरी छान दिसते, पण आजार त्या शून्यवाल्या पाड्यात चूल मांडून बसतो.

म्हणून कॅम्प वर्षाला एक नको, दर दोन महिन्यांनी छोटी फेरी करा. त्या फेरीत फक्त मधल्या काळात दीड-दोन महिन्यांची झालेली पिल्लं आणि बाहेरून आणलेली जनावरं, एवढंच. एका माणसाकडे वही द्या (तुमच्यात कुणी बारावी-बिरावी झालेली पोरगी असेल तर तिच्याकडेच द्या, पोरं वह्या हरवतात), कोणाची मादी कधी व्यायली, किती पिल्लं, कधी टोचली, कुठली बॅच. लस २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे, म्हणजे थर्मासमध्ये आइस पॅक घालून आणायची, बाइकच्या डिकीत नाही. एकदा पाणी घालून तयार केली की तास-दोन तासांत संपवायची, दुपारच्या जेवणाला थांबायचं नाही. आजारी दिसणाऱ्या खुराड्यात त्या दिवशी शिरायचंच नाही, ते शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांबरोबर. कारण या आजारात लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला चार-पाच दिवस ते दोन आठवडे जातात, आधीच लागण झालेल्याला तुम्ही लस टोचली आणि तो चौथ्या दिवशी मेला तर सगळा पाडा म्हणणार लसीनेच मारलं, आणि मग पुढच्या फेरीला दारं बंद. माझ्या नोकरीत एका गावात असंच झालं होतं, चूक आमचीच होती, आम्ही चौकशी न करता टोचत सुटलो होतो आणि त्या गावाने पुढची तीन वर्षं आम्हाला चहासुद्धा पाजला नाही.

लसीचा तुटवडा हे तुमचं गाऱ्हाणं मात्र शंभर टक्के खरं. आपल्याकडे १९६४ पासून जी लस वापरतात ती इंग्लंडहून आलेल्या वेब्रिज नावाच्या विषाणूच्या वाणाची (स्ट्रेनची), आणि ती बनवायला सशांचा बळी द्यावा लागतो, एका सशाच्या प्लीहेतून जेमतेम ५० डोस. देशाची गरज वर्षाला सव्वादोन कोटी डोसच्या आसपास सांगितली जात होती आणि तयार होत होते १२ लाख. मग २०२० मध्ये इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने आपल्याच देशातल्या विषाणूपासून पेशींवर वाढवलेली, म्हणजे सेल कल्चरची लस आणली, ससे नाहीत, डोसचा खर्च तेव्हा दोन रुपयांच्या आसपास आणि जुनी लस १५ ते २० रुपये. संरक्षणही जुन्याचं तीन ते सहा महिने आणि नव्याचं दोन वर्षांपर्यंत असं संस्थेनं सांगितलं. त्यामुळे तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जाताना नुसतं 'लस द्या' नको, 'सेल कल्चरची लस, एवढे डोस, अमुक तारखांना' असं लेखी द्या, १७ जणांच्या सह्यांनिशी. एकट्याच्या दहा डोसांसाठी कुणी मागणी नोंदवत नाही, ४०० डोस म्हटलं की फाइल हलते.

अजून एक. २००९ चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा आहे, त्यात राज्य सरकार एखादा भाग नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करून तिथे लस सक्तीची करू शकतं. पण सक्तीच्या आधी सतरा जण स्वतःहून वही घेऊन उभे असतील तर अधिकाऱ्यालाही जोर येतो.

प्रश्न : मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजला शिकतो. युरोप तर लस देत नाही, आजारी कळप मारून टाकतो आणि मोकळा होतो. मग आपण लस देत आजार कुरवाळत का बसायचं?

बाळा, मीही तिथेच शिकलो, कॅन्टीनचा वडापाव अजून तसाच आहे का ते आधी कळव.

प्रश्न चांगला आहे पण युरोपची अर्धीच गोष्ट तुला सांगितलीये कुणीतरी. १९९७-९८ ला नेदरलँड्समध्ये स्वाइन फिव्हर आला, लस बंदच होती, चारशेच्या वर फार्मवर आजार सापडला आणि मारली किती तर एक कोटीच्या आसपास डुकरं. त्यातली बरीचशी आजारी नव्हतीच. वाहतूक बंद केल्यामुळे खुराड्यांत जागा उरली नाही म्हणून मारली. श्रीमंत देशाला ते झेपलं. पाच डुकरांवर मुलीची फी भरणाऱ्या बाईला सांगून बघ.

उलट अमेरिकेचं बघ. त्यांनी १९६१ ला कायदा करून मोहीम सुरू केली, आधी लसीने आजार खाली आणला, मग १९६९ च्या सुमारास जिवंत लस थांबवली, कारण लसीच्या आड लपलेला विषाणू दिसेना, मग उरलेले कळप शोधून मारले आणि १९७८ ला देश मुक्त जाहीर झाला. आपण गायी-म्हशींच्या बुळकांडीला हेच केलं, गावोगाव टोचलं आणि शेवटी मुद्दाम थांबलो आणि वाट बघितली. २०११ ला जगातून बुळकांडी गेली. लस आणि कत्तल हे दोन वेगळे पक्ष नाहीत, आधी कोण आणि नंतर कोण एवढाच प्रश्न, आणि भारतात डुकरांच्या बाबतीत आपण अजून 'आधी'च्या पहिल्या पायरीवर आहोत.

तुझ्या परीक्षेत येणारी गोष्टही सांगतो. साध्या लसीचा तोटा हा की अँटिबॉडी लसीच्या का आजाराच्या ते ओळखू येत नाही. औजेस्कीचा रोग म्हणून डुकरांचा अजून एक विषाणूचा आजार आहे, त्यात यावर भारी तोडगा निघाला, लसीच्या विषाणूतलं जीई नावाच्या प्रथिनाचं जनुक काढून टाकलं, मग ज्याच्या रक्तात जीईच्या अँटिबॉडी त्याला खरा आजार आणि बाकीचे लसवाले. अमेरिकेने त्यावर प्रदेशाप्रदेशाने काम करत २००४ पर्यंत आपले सगळे व्यापारी कळप साफ केले. पीआरआरएसला (डुकरांचा गर्भपाताचा आणि श्वासाचा आजार) मात्र एवढं सोपं जमलेलं नाही, तो विषाणू फार बदलतो आणि लस लागण पूर्ण थांबवत नाही, फक्त सौम्य करते. आपल्याकडे तो २०१३ ला मिझोराममध्ये सापडला. म्हणून सगळ्याला एकच औषध असं लिहू नकोस पेपरात.

प्रश्न : आमच्या मागच्या नाल्यात भटकी डुकरं फिरतात. खाण्यातून लस देता येते का?

जर्मनीत रानडुकरांना द्यायचे, १९९० च्या दशकापासून बरीच वर्षं मक्याच्या चवीच्या वड्यांत लस भरून जंगलात टाकायचे. आपल्या नाल्यात टाकली तर आधी कुत्रे, कावळे आणि घुशी खाणार. भटक्यांसाठी पालिकेला कळवा, आणि तुम्ही पाळत असाल तर तुमची मोकळी सोडू नका, तो नाला म्हणजे सगळ्या खुराड्यांना जोडणारी लोकल आहे.

प्रश्न : दहिसरला एक एजंट आफ्रिकन स्वाइन फिव्हरची लस देतो म्हणतो, व्हिएतनामची, ८०० रुपये डोस. घेऊ का?

अजिबात नाही. झोल आहे. व्हिएतनामने अशी लस काढलीये हे खरं, २०२२ ला मंजुरी दिली, काही महिन्यांतच डुकरं मेल्यामुळे थांबवली, मग २०२३ मध्ये पुन्हा तपासून परवानगी दिली. पण ती चोरून आणून कुणी टोचायची गोष्ट नाही. जिवंत विषाणूची लस आहे, चुकीच्या वयाच्या किंवा गाभण जनावराला गेली तर तुमच्याच कळपातून नवा आजार सुरू व्हायचा. आपल्याकडे आफ्रिकन स्वाइन फिव्हर २०२० ला आसाम-अरुणाचलमधून आला आणि त्यावर अजून उपाय एकच, सापडल्याबरोबर एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारणं, दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवणं आणि हॉटेलचं खरकटं द्यायचंच असेल तर तासभर ढवळत उकळून मगच देणं. मारलेल्याची नुकसानभरपाई असते, केंद्र-राज्य अर्धी अर्धी, पण ती कळवणाऱ्याला. लपवून विकणाऱ्याला नाही. त्या एजंटाबद्दल दवाखान्यात कळवून टाका.

प्रश्न : उत्तनला राहतो. नाताळसाठी नोव्हेंबरमध्ये ८-१० डुकरं वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून वाढवतो, माझी स्वतःची १२ आहेत. आणल्याबरोबर सगळ्यांना लस द्यायची ना?

आणल्याबरोबर नाही, आणायच्या आधी. विकणाऱ्याला विचारा लस कधी दिली आणि दवाखान्याचा कागद दाखवा म्हणावं, निदान तीन आठवडे झालेले असावेत. प्रवासाच्या ताणात आलेल्या डुकराला उतरल्या उतरल्या लस दिली तर ती नीट लागत नाही, वर ते आजार घेऊन आलेलं असेल तर तुम्हाला कळायचंही नाही. आणलेली डुकरं तुमच्या बारापासून वेगळ्या खुराड्यात तीस दिवस, शक्य असेल तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला. खाणं आधी तुमच्या बाराला आणि मग नव्यांना, उलट नाही. बादल्या आणि गमबूट वेगळे. तीस दिवस म्हटलं तर नोव्हेंबर फार उशीर झाला, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आणा. आणि लस दिल्यावर किती दिवसांनी कापायचं ते व्हायलच्या लेबलवर लिहिलेलं असतं, ते मोजूनच नाताळची तारीख धरा. पोर्कच्या सोरपोतेलला बोलवायचं असेल तर मी मोकळाच असतो.